हॅडलो गावचे पिनॉक

"हे तू लिहितेस की विणतेस?"

लायब्ररीच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला आलेला म्हातारा सिंकखालून बाहेर आला होता आणि हात पुसता पुसता माझ्या पत्रात डोकावत होता.

"लिहितेय," मी म्हटलं. "माझ्या वडिलांना. ही मोडी लिपी. आमच्याकडे पूर्वी सगळं दप्तर हिच्यातच असायचं."

"आणि त्यांना हे वाचता येतं?"

"त्यांचं आयुष्य हेच वाचण्यात गेलं."

म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. नाक कसलं, पोपटाची चोचच ती. पत्र उजेडात धरून त्यानं ते उलटं केलं, सुलटं केलं आणि एकदम खुर्ची ओढून बसला.

"हे वाचणारी बाई आमच्या गावचं पहिलं दप्तरही वाचेल," तो म्हणाला. "माझं नाव वेंडेल पिनॉक. पन्नास वर्षं या गावची गटारं उपसतोय. मला माझा बाप शोधून दे."

"तुमचे वडील हरवलेत?"

"तीनशे वर्षांपूर्वीचे," तो म्हणाला.

ही एक्क्याण्णव सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडलो या लहानशा गावी आम्ही राहत होतो. आमचे हे, दिगंबर, तिथल्या कागदाच्या गिरणीत इंजिनिअर होते. मला नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून आठवड्यातून तीन दिवस सकाळी लायब्ररीत फुकट काम करायचे. माझे वडील, आबा, साताऱ्याला भूमी अभिलेख कार्यालयात मोडी वाचक होते. लहानपणी मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचे. आधी कागदभर आडव्या रेघा मारायच्या आणि मग त्यांना अक्षरं टांगायची. आबा म्हणायचे, "कुमुद, अक्षर ओळखायला जाऊ नकोस. लिहिणाऱ्याचा हात कुठनं कुठं गेला तेवढं बघ."

वेंडेलची अडचण अशी होती. हॅडलो गाव सोळाशे एकेचाळीस साली वसलं. इंग्लंडहून आलेल्या तेवीस कुटुंबांनी नदीकाठी घरं बांधली. त्याला साडेतीनशे वर्षं होत होती, म्हणून जूनमध्ये गावच्या हिरवळीवर एक ग्रॅनाइटची शिळा उभी राहणार होती. मात्र त्या तेविसांपैकी ज्यांचे वंशज आजही गावात राहतात, त्यांचीच नावं शिळेवर कोरायची, असा स्मारक समितीचा नियम होता. अशी नऊ घराणी निघाली. दहावं आपलं, असं वेंडेलचं म्हणणं. तेविसांत एक विल्यम पिनॉक होताच.

"मग अडतंय कुठं?" मी विचारलं.

"एलेनॉर थॉर्नहिलपाशी," वेंडेल म्हणाला.

मिस एलेनॉर थॉर्नहिल स्मारक समितीच्या अध्यक्ष होत्या. गावच्या पहिल्या पाद्रीबाबांच्या दहाव्या पिढीतल्या. शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या, काठीसारख्या ताठ. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना टाउन हॉलमध्ये जाऊन भेटले.

"मिसेस शेडगे," त्या म्हणाल्या, "वेंडेल चांगला माणूस आहे. शाळेत माझ्यापुढे बसायचा. पण हे पाहा." त्यांनी शंभर वर्षांपूर्वी छापलेला गावचा इतिहास उघडला. "विल्यम पिनॉक सोळाशे अठ्ठावन्न साली वारला. निपुत्रिक. पुढे अकरा वर्षं गावात पिनॉक नावाचा एकही पुरुष नाही. मग अचानक एक जॉन पिनॉक उगवतो. कुठून आला, कोणाचा कोण, पत्ता नाही. वेंडेल त्या जॉनचा वंशज. जॉन विल्यमचा कोण लागतो ते दाखवा, मी स्वतः नाव कोरून घेते."

"या इतिहासकारानं विल्यमचं मृत्युपत्र वाचलं होतं का?"

"पहिल्या चार ओळी. पुढे त्यानं लिहिलंय, उरलेला मजकूर लागत नाही."

आमच्या आबांना हे वाक्य ऐकवलं असतं, तर त्यांनी तपकिरीची डबी खाडकन मिटली असती. मजकूर लागत नाही असं काही नसतं, वाचणाऱ्याचा दम संपतो, असं ते म्हणायचे.

मूळ दप्तर टाउन हॉलच्या तिजोरीत होतं, विल्यमचं मृत्युपत्रही गावच्या कारकुनानं त्यातच उतरवलेलं. दर मंगळवारी सकाळी दोन तास, तेही मिस थॉर्नहिल समोर बसलेल्या असताना, मला ते बघायची मुभा मिळाली. पहिला मंगळवार पार फुकट गेला. ते इंग्रजी, पण ओळखीचं एक अक्षर दिसेल तर शपथ. 'एच'ची शेपटी ओळीखाली लोंबलेली, 'ई' उलटी पडलेली, 'सी' बघावी तर ती 'आर'सारखी. घरी येऊन मी दिगंबरना म्हटलं, "अहो, हे तर मोडीपेक्षा वाईट."

"मग सोडून दे."

"सोडते कशी? म्हातारा रोज लायब्ररीत येतो. नळ गळत नसला तरी येतो."

खरंच यायचा. येताना कधी ॲपल पाय, कधी नातवंडांचे फोटो. "हे बघ, याचं नाक. हे तिचं. सगळी पिनॉक नाकं. विल्यमचं नाक असंच असणार. लढाईत असायचा म्हणे तो, नाकावर तलवारीचा वण होता."

"हे कुठं लिहिलंय?"

"माझ्या आजीनं सांगितलं."

दुसऱ्या मंगळवारी मी वाचायचा नाद सोडला. कोरा कागद घेतला आणि त्या कारकुनाचा हात जसा गेला तसा नुसता गिरवत बसले. अर्थ नको, अक्षर नको. मिस थॉर्नहिल चष्म्यावरून बघत होत्या. त्यांना वाटलं असणार, बाई चित्रं काढतेय. तिसऱ्या मंगळवारी गिरवता गिरवता हात आपोआप पुढे जायला लागला आणि माझ्या तोंडून मोठ्यानं शब्द निघाला, "गाई!"

"काय?" मिस थॉर्नहिल दचकल्या.

"दोन गाई. तो कोणाला तरी दोन गाई देतोय."

"कोणाला?"

ते कळायला आणखी दोन मंगळवार लागले. पाचव्या मंगळवारी सगळा मजकूर माझ्यासमोर सरळ उभा राहिला. मी तो आधी मनात वाचला, मग मिस थॉर्नहिलना वाचून दाखवला. जुन्या इंग्रजीत होतं ते, पण मराठीत सांगायचं तर असं:

'तीन वर्षांपूर्वी, जोन ही सात वर्षांची असता, तिची आई समुद्रात वारल्यावर, जहाजाच्या कप्तानाकडून मी तिला चाकर म्हणून घरी आणली. तिला मी व माझी बायको ॲग्नेस आमची लेक मानतो. आम्हांस दुसरे मूल नाही. माझे घर, बाग, दोन गाई व नदीकडचे कुरण ॲग्नेसच्या मागे जोनचे. जो कोणी तिच्याशी लग्न करील त्याने माझे नाव लावावे, म्हणजे ते या गावातून पुसले जाणार नाही.'

मिस थॉर्नहिलनी वही स्वतःकडे ओढली.

"म्हणजे तो जॉन," मिस थॉर्नहिल हळूच म्हणाल्या, "पिनॉक नव्हताच. तो जोनचा नवरा."

"आमच्याकडे घरजावई म्हणतात."

"आणि जोन विल्यमची कोणीच नव्हती." त्यांनी वही मिटली. त्यांना आनंद झालेला दिसला नाही, हे मी मुद्दाम सांगते. "मला वाईट वाटतं, मिसेस शेडगे. नियमात वंशज म्हटलंय. वेंडेलच्या अंगात विल्यमच्या रक्ताचा थेंब नाही. त्याला तुम्ही सांगाल की मी?"

मीच सांगायचं ठरवलं. त्या रात्री जेवताना दिगंबरना सगळं सांगितलं. घरजावयापर्यंत ते मोठमोठ्यानं हसत होते. मग मी जोनचं सांगितलं, आणि त्यांनी ताटातला घास तसाच ठेवला. "सात वर्षांची होती?" एवढंच त्यांनी विचारलं आणि उठून हात धुतले. मी ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी वेंडेलच्या घरी गेले. तो गॅरेजमध्ये पाइपांना आटे पाडत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आजीचा विल्यम, लढाई, तलवारीचा वण, सगळं माझ्या शब्दागणिक कोसळत होतं. ऐकून तो पाइपांच्या ढिगावर बसला. ऐंशी वर्षांचा माणूस, मला वाटलं आता याला पाणी आणून द्यावं लागणार.

"सात वर्षांची," तो म्हणाला. "आई नाही. कोणाचं तोंड ओळखीचं नाही. आणि हा तिला घेऊन आला ते भांडी घासायला."

"हो."

"आणि तीनच वर्षांत तिनं त्याला बाप करून टाकलं." मग तो हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "अगं, विल्यम निपुत्रिक होता हे एलेनॉर मला चाळीस वर्षं सांगतेय! निपुत्रिक कसला? तो तर मला जोनवर जीव लावून बसलेला दिसतोय. पण एक सांग, नाक कुठून आलं मग?"

"जोनचं असेल."

"किंवा त्या जॉनचं. कोण होता हा जॉन? बायकोसाठी स्वतःचं नाव टाकणारा गडी मला बघायचाय."

त्यामुळे सहाव्या मंगळवारी मी पुन्हा दप्तर उघडलं. मिस थॉर्नहिलना त्याची गरज वाटत नव्हती, पण त्या येऊन बसल्या. आता तो हात माझ्या ओळखीचा झाला होता. पानं भराभर उलटत गेले. सोळाशे एकोणसत्तर सालच्या एका पानावर, डुकरं मोकळी सोडल्याच्या तक्रारीखाली, चार ओळी सापडल्या. वाचल्या आणि मी वर बघितलं. मिस थॉर्नहिलच्या मागच्या भिंतीवर त्यांच्या पूर्वजाचं, रेव्हरंड थॉर्नहिलचं तैलचित्र होतं. गेले पाच मंगळवार मी त्याच्यासमोर बसत होते, आणि त्याच्या नाकाकडे मात्र आत्ता पहिल्यांदा बघत होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी वही त्यांच्याकडे सरकवली आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला. "'आपले पाद्री मिस्टर थॉर्नहिल यांचा धाकटा मुलगा जॉन याने विधवा पिनॉकच्या घरची जोन हिच्याशी लग्न केले असून, विल्यमच्या मृत्युपत्राप्रमाणे आजपासून तो पिनॉक म्हणवील.'"

मिस थॉर्नहिल इतक्या ताठ झाल्या की खुर्ची करकरली. पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला.

"आमच्या घराण्याच्या बायबलात मुलांची यादी आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "जॉनच्या नावापुढे फक्त लिहिलंय, 'गेला'. मी लहानपणी विचारलं होतं, कुठे गेला? वडील म्हणाले, बहुतेक समुद्रावर."

"चार घरं पलीकडे गेला," मी म्हटलं.

त्या हसल्या. मिस थॉर्नहिल हसल्यावर अगदी मुलीसारख्या दिसतात, हे मला तेव्हा कळलं.

समितीची बैठक पुढच्या गुरुवारी संध्याकाळी होती. सभासद पाच, आणि बघायला अर्धं गाव, कारण बातमी वेंडेलनं जिथे जिथे नळ दुरुस्त केला तिथे तिथे पोचवली होती. दिगंबर गिरणीतून थेट आले आणि मागच्या रांगेत बसले. मिस थॉर्नहिलनी उभं राहून सगळं वाचून दाखवलं. स्वतःच्या पूर्वजानं बायबलातल्या यादीत पोरापुढे नुसतं 'गेला' लिहिलं, तेही न गाळता. मग म्हणाल्या, "माझी सूचना अशी की वेंडेल पिनॉक यांना थॉर्नहिल घराण्याचे वंशज मानावं. रक्तानं ते आहेतच. शिळेचं अनावरण करताना ते माझ्या शेजारी उभे राहतील. मला त्याचा आनंद होईल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेंडेल उठला. आज त्यानं कोट घातला होता.

"एलेनॉर, आभारी आहे. नाक मी ठेवून घेतो," तो म्हणाला आणि सभागृह हसलं. "पण जॉननं थॉर्नहिल हे नाव टाकलं ते त्या मुलीसाठी. बापानं तोंड फिरवलं तरी त्यानं शब्द फिरवला नाही. त्यानं टाकलेलं मी परत उचलू? आम्ही पिनॉक आहोत. शिळेवर लिहायचं तर ते लिहा. नाहीतर राहू द्या, मी काही रडणार नाही."

समितीतले एक गृहस्थ, पेशानं वकील, खाकरले. "प्रश्न भावनेचा नाही. पोसलेली मुलगी म्हणजे वंशज नव्हे. हे मृत्युपत्र फार तर मायेचं लक्षण आहे. त्या काळी आपल्या कायद्यात दत्तक नव्हतंच."

मिस थॉर्नहिलची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"मिसेस शेडगे, तुमच्या देशात या बाबतीत काय मानतात?"

मला सभेत बोलायची सवय नव्हती. पण दप्तरासमोर बसून बसून ती जोन माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"आमच्याकडे हे फार जुनं आहे," मी म्हटलं. "राजांच्या गाद्या दत्तकावर चालल्यात. एकदा ओटीत घेतलं की मूल त्या घरचं. त्या घरचं नाव, त्या घरचं कुळ, त्या घरचं सुतक. पूर्वी मुलगेच घ्यायचे. आता कायद्यानं मुलगीही घेता येते. तिला कोणी विचारत नाही, तू अर्धी कोणाची. अर्धं असं काही नसतंच. आणि आई-बाप... त्यांनाही कोणी विचारू नये. विल्यमला मूल नव्हतं असं छापलंय, ते चूक आहे. त्याला मुलगी होती. मी स्वतः वाचलंय."

बोलून खाली बसले आणि मागे बघितलं. दिगंबर उभे राहिले होते. उभं राहायचं काही कारण नसताना सगळ्यांच्या मागे एकटेच उभे होते आणि माझ्याकडे बघत होते.

आता सांगते. आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. साताऱ्याचे, पुण्याचे, इथले, सगळे डॉक्टर करून झाले होते. दोन वर्षांपासून दिगंबर म्हणत होते, आपण मूल दत्तक घेऊ. त्यांची आईसुद्धा हो म्हणाली होती. नाही म्हणत होते ती मी. परक्याचं रक्त, कुठलं, कोणाचं, माझं मन बसायचं नाही, असं म्हणायचे आणि विषय तोडून टाकायचे. शेवटी त्यांनी तो काढायचं सोडलं होतं. आणि आज परक्या देशात, परक्या भाषेत, अर्ध्या गावासमोर मी हे काय बोलून बसले होते! बोलताना मला ते दिगंबरना सांगतेय असं वाटलं नव्हतं. स्वतःलाही सांगत नव्हते. एका प्लंबरचं नाव शिळेवर यावं म्हणून बोलत होते. पण शब्द तोंडातून गेले होते, आणि एकही खोटा नव्हता.

मतदान झालं. चार हात वर गेले. वकिलांचा सगळ्यात शेवटी, पण गेला. अध्यक्षांना मत द्यायची गरज उरली नव्हती, तरी मिस थॉर्नहिलनी हात वर केला आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यायला लावला.

गाडीत बसल्यावर दिगंबरनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"कुमुद, मघाशी बोललीस ते..."

"पुण्याच्या संस्थेला पत्र लिहा," मी म्हटलं. "मुलगी चालेल ना?"

त्यांनी मान हलवली. त्यांना गाडी चालवता येईना, म्हणून ती मी चालवत घरी आणली. परवाना नुकताच मिळाला होता. दोनदा फूटपाथवर चढले.

जूनमध्ये शिळा उभी राहिली. नऊ घराण्यांच्या ओळींत फक्त कर्त्या पुरुषाचं नाव आहे. दहाव्या ओळीत वेंडेलच्या हट्टापायी तीन नावं आहेत, विल्यम, ॲग्नेस आणि जोन पिनॉक. अनावरणाला वेंडेल आणि मिस थॉर्नहिल एकमेकांच्या हातात हात घालून उभे होते, आणि नाकं खरंच सारखी होती.

आमच्या कागदपत्रांना दीड वर्ष लागलं. पुण्याच्या संस्थेतून आम्ही रेवाला आणली तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. संस्थेत तिला कोणी नाव विचारलं की ती 'रेवा' म्हणायची आणि गप्प व्हायची. पुढे काही नव्हतंच. हॅडलोला आल्यावर आठवडाभर ती माझ्या साडीचा पदर सोडत नव्हती, आणि बोलायची तर अगदी एकेक शब्द. तिनं आई म्हणावं असं मला फार वाटायचं, पण मी मागितलं नाही.

अकराव्या दिवशी वेंडेल तिला बघायला आला. ओव्हरकोटावरचा बर्फ झटकला, गुडघे करकरवत तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि मी त्याला शिकवलेलं एकुलतं एक मराठी वाक्य म्हणाला, "तुझं नाव काय?"

रेवानं त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, मग दाराशी उभ्या असलेल्या दिगंबरकडे. पदर सोडला. दोन्ही हात पाठीमागे बांधले, आणि आमच्यापैकी कोणीही शिकवलेलं नसताना खणखणीत आवाजात म्हणाली,

"रेवा दिगंबर शेडगे."